नदीपलीकडे न गेलेली तार

मित्रांनो, तुमच्या खिशातला फोन मला ओळखणार नाही, पण नात्याने मी त्याचा पणजोबा लागतो. जुना टेलिफोन बोर्ड म्हणतात मला. अक्रोडाच्या लाकडाचं, उभ्या कपाटाएवढं माझं अंग. त्यावर ओळीने बसवलेल्या साठ छोट्या पितळी झडपा, प्रत्येक झडपेखाली एक भोक, आणि पुढच्या फळीवर जोडीजोडीने उभे असलेले दोरीचे प्लग. सध्या मी हाउन्सलोला, विमानतळाजवळच्या एका गोदामात, लाकडी खोक्यात बंद आहे. डोक्यावरून विमान गेलं की माझ्या झडपा थरथरतात. इथून मला कॅनडाला पाठवणार आहेत. निघण्याआधी तुम्हाला माझी गोष्ट सांगावी असं वाटलं. ती एका गावाचीही गोष्ट आहे, आणि तिचा एक भाग त्या गावाच्या इतिहासात छापलेला नाही.

माझा जन्म शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात झाला. सुताराने माझं अंग घासून गुळगुळीत केलं. बारीक बोटांच्या बायकांनी माझ्या आत तांब्याची तार गुंडाळली. मग गवतात गुंडाळून त्यांनी मला जहाजात चढवलं. समुद्र, मग रेल्वे, मग घोडागाडी. शेवटी मी उतरलो ते कॅनडाच्या सपाट मुलुखातल्या, रुंद गढूळ नदीच्या काठी वसलेल्या विलो फेरी नावाच्या गावात.

गाव कसलं, नुकती सुरुवात होती. गाड्या पलीकडे न्यायला एक तराफा, धान्य साठवायचा उंच लाकडी मनोरा, रेल्वेचं छोटं स्टेशन, एक दुकान आणि चिखलात उभी असलेली थोडीशी घरं. त्या काळच्या फोनवर आकडे नव्हते. घरातला माणूस फोनचं हँडल फिरवायचा, वीज तारेतून धावत माझ्यापर्यंत यायची आणि त्याच्या नंबरची झडप टक् करून खाली पडायची. ऑपरेटर तिथे प्लग खोचून विचारायची, "नंबर प्लीज?" मग दोरीचं दुसरं टोक हव्या त्या नंबरात गेलं की दोन घरं एकमेकांशी बोलू लागायची.

लोक गावाची वाढ नकाशावर पाहतात. मला ती अंगावर कळायची. स्कॉटलंडहून आलेल्या पाद्रीबाबांनी चर्च बांधलं, एक झडप जागी झाली. युक्रेनहून आलेल्या कुटुंबाने बेकरी काढली, दुसरी झाली. शाळा, लाकडाची वखार, छोटं हॉस्पिटल, बर्फावर खेळायचं मैदान. धान्याच्या मनोऱ्याला आग लागली त्या दिवशी ऑपरेटरने माझ्याकडून सगळ्या घरांच्या घंटा एकदम वाजवल्या आणि गाव बादल्या घेऊन धावलं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने माझ्यावर रिबीन बांधली. तो माझा अभिमानाचा दिवस होता.

पहिलं महायुद्ध संपलं आणि त्याच हिवाळ्यात गावात तापाची साथ आली. झडपा पटापट पडू लागल्या. डॉक्टर पाठवा, सरपण पाठवा, कोणीतरी या. मग काही झडपा अशा पडायच्या, की ऑपरेटरने विचारलं तरी पलीकडून कोणी बोलायचं नाही. नुसता श्वास यायचा. नंतर तोही थांबायचा. तेव्हापासून झडप पडल्यावर आवाज येईपर्यंतचा जो क्षण असतो, त्या क्षणाची मला भीती वाटते.

नदीच्या पलीकडच्या काठावर क्री नावाच्या आदिवासी जमातीचे लोक राहत. गाव वसण्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथे होते. तराफा जिथे बांधला ती उथळ जागाही त्यांनीच दाखवलेली. पुढे सरकारने त्यांना पलीकडच्या एका पट्ट्यात राहायला लावलं. त्यांच्याकडे तार गेली नव्हती, त्यामुळे मला त्यांचं काहीच ऐकू यायचं नाही. खूप वर्षं मी समजत होतो, की पलीकडे कोणी नाहीच.

माझी शेवटची ऑपरेटर मिस फ्लॉरेन्स. मी उभा होतो त्या टेलिफोन एक्स्चेंजच्या मागच्याच खोलीत ती राहायची, चुलीवर सूप ठेवायची आणि झडप पडली की पळीसकट धावत यायची. कोण कुठे आहे हे तिला ठाऊक असे. पशुवैद्य कुठल्या गोठ्यात असेल, शाळेच्या बाई कोणाकडे जेवायला गेल्या असतील, सगळं.

एकोणीसशे एकोणसत्तर साली गावात नवा डॉक्टर आला. नाव सतीश काणे. मूळचा नागपूरचा, बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात दोन वर्षं काढून इथे आलेला. गावाला काणे म्हणता येईना, म्हणून तो डॉक्टर केन झाला. त्याच्याबरोबर त्याची बायको नीना होती. डॉक्टर दिवसभर शेतावरच्या घरांतून फिरायचा. नीनाताई एकट्या. बाहेर बघावं तिकडे बर्फ, आणि बोलायला कोणी नाही.

एका दुपारी त्यांच्या घरची झडप पडली. फ्लॉरेन्सने प्लग खोचला. "नंबर प्लीज?"

पलीकडे जरा वेळ शांतता होती. मग बारीक आवाज आला. "मला कुठलाच नंबर नकोय. कोणी आहे का, एवढंच बघत होते."

फ्लॉरेन्सने पळी खाली ठेवली. "मी आहे ना," ती म्हणाली. "कोट घाल आणि इकडे ये. सूप आहे."

अशा नीनाताई माझ्यासमोर येऊन बसल्या. महिन्याभरात त्या बोर्ड चालवायला शिकल्या. सुरुवातीला शेतकरी गोंधळायचे. "ही कोण बोलतेय?" त्या ठसक्यात म्हणायच्या, "नीना बोलतेय, डॉक्टरांची मिसेस. नंबर सांगा, लाइन अडवू नका." पुढे पुढे लोकांना तो आवाज इतका आवडू लागला, की फ्लॉरेन्सने उचललं तर ते विचारायचे, "आज नीना नाही?" खोलीत कोणी नसलं की त्या माझ्याशी बोलायच्या. "काय रे, आज गप्प गप्प?" मला मराठी आली ती अशी. पुढे त्यांना मुलगी झाली, निवेदिता. तिचा पाळणा माझ्या शेजारीच हलायचा.

निवेदिता नुकती चालायला लागली होती, तेव्हाची गोष्ट. फेब्रुवारी महिना. सकाळपासून बर्फाचं वादळ, समोरचं दुकानही दिसत नव्हतं. दुपारी एक्स्चेंजचं दार उघडलं आणि वाऱ्याबरोबर एक तरुण बाई आत आली. तिच्या पापण्यांवर बर्फ गोठलेलं होतं.

"डॉक्टर कुठे आहेत? घरी नाहीत. दवाखान्यात नाहीत."

"तुम्ही आधी बसा," नीनाताई उठत म्हणाल्या.

"बसायला नाही आले. माझ्या मुलीला श्वास घेता येत नाहीये. नदीपलीकडे. सकाळपासून."

तिचं नाव मेरी-रोझ. गोठलेली नदी ओलांडून ती चालत आली होती. नीनाताईंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांनी एकामागून एक शेतावरच्या घरांत प्लग खोचले. इथे नाहीत, इथूनही गेले, मग शेवटी एका घरात डॉक्टर सापडले. तिथे बाळंतपण नुकतंच आटोपलं होतं.

"अहो, ऐका. नदीपलीकडे जायचंय. आत्ताच्या आत्ता. लहान मुलगी आहे, श्वास लागलाय."

"निघालो," डॉक्टर म्हणाले आणि लाइन बंद झाली.

मेरी-रोझ थांबली नाही. नीनाताईंनी स्वतःची शाल तिच्या डोक्याला गुंडाळली, तशीच ती वादळात परत गेली. डॉक्टरांची गाडी नदीच्या अलीकडेच बर्फात रुतली. बॅग खांद्याला लावून ते चालत पलीकडे गेले. पोहोचले तेव्हा अंधारून आलं होतं. मुलगी गेली होती. तिचं नाव एस्तर. सहा वर्षांची होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर एक्स्चेंजमध्ये येऊन बाकावर बसले. बुटांवरचं बर्फ वितळून पाणी फरशीवर पसरत होतं.

"सकाळी कळलं असतं तर वाचली असती, नीना. औषध माझ्या बॅगेतच होतं. मला कळायलाच दुपार झाली."

फ्लॉरेन्स हळूच म्हणाली, "त्यांच्याकडे तार नाही ना."

"फिशिंग क्लबला आहे," नीनाताई म्हणाल्या.

मित्रांनो, हे खरं होतं. गावातल्या काही पैसेवाल्यांनी नदीपलीकडे मासेमारीचा क्लब बांधला होता. त्याच्यासाठी खांब रोवून तार नदीवरून नेली होती. हिवाळ्यात तिथे चिटपाखरू नसे. क्री वस्ती तिथून थोडीच पुढे होती. मेरी-रोझ त्या क्लबच्या दारावरूनच चालत आली होती. आत फोन होता. दाराला कुलूप होतं.

त्या संध्याकाळी फ्लॉरेन्सने पांढऱ्या रंगाची डबी काढली. माझ्या शेवटच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात एक झडप कोरी होती. तिला कधीच तार लागली नव्हती. तिच्यावर तिने बारीक ब्रशने साठचा आकडा काढला. "ही त्यांची," ती म्हणाली. "तार आली की इथेच जोडायची."

नीनाताईंनी मेयरकडे गावसभेत बोलायची वेळ मागितली. गावसभेच्या आदल्या दिवशी मेयरनी एका सभासदाला फोन लावला. जोडणाऱ्या नीनाताईच होत्या. लाइन जुळतानाच शब्द कानावर आले. "डॉक्टरची बायको तारेबद्दल बोलणार आहे. तिला अजून इथलं काही कळत नाही. ऐकून घ्यायचं आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायचं." ऑपरेटरने दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं नसतं. नीनाताईंनी ऐकायची कळ बंद केली. 

तरी सभेत त्या उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हिवाळाभर ती तार एका रिकाम्या घरात जाते. तीच पुढे न्यायला काय हरकत आहे?"  मेयर म्हणाले, "सूचना चांगली आहे. पुढच्या वर्षी बघू." हे सगळं परत आल्यावर त्यांनी फ्लॉरेन्सला सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच रडल्या.

त्याच वसंतात, नदीवरचं बर्फ फुटत होतं तेव्हा, साठ नंबरची झडप पहिल्यांदा पडली.

टक्.

मित्रांनो, झडप पडायची म्हणजे काय होतं ते मला आतून माहीत आहे. तारेतून वीज येते, तांब्याला ऊब लागते, लोखंड ओढलं जातं. त्या दिवशी तसं काही झालं नाही. तारच नव्हती. त्या कोपऱ्यात फक्त गार वाटलं, बर्फावरून आलेल्या माणसाचा हात लागावा तसं. नीनाताईंनी फ्लॉरेन्सकडे पाहिलं. मग हेडफोन नीट बसवला, प्लग खोचला.

"नंबर प्लीज?"

वारा. सपाट जागेवरून येणारा, कुठेच न अडणारा वारा. बाकी काही नाही.

फ्लॉरेन्स म्हणाली, स्प्रिंग सैल असेल. दुरुस्तीवाला आला, त्याने स्प्रिंग बदलली. काही दिवसांनी झडप पुन्हा पडली. फ्लॉरेन्सने त्यावर बोलणं सोडून दिलं. नीनाताई मात्र दर वेळी प्लग खोचायच्या. नंतर नंतर त्या नंबर विचारेनाशा झाल्या. त्या मराठीतच म्हणायच्या, "बोल बाळा, मी ऐकतेय." थोडा वेळ थांबायच्या. मग झडप वर करायच्या.

पुढचं वर्ष आलं आणि गेलं. मग गावात स्वयंचलित एक्स्चेंज आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आता ऑपरेटरची गरज नाही म्हणून. नदीपलीकडे तार जायला त्यानंतरही बरीच वर्षं लागली. फ्लॉरेन्स बहिणीकडे राहायला गेली. मला मागच्या अंगणात काढून ठेवलं. माझ्यावर पाऊस पडला, माझ्यात उंदरांनी घर केलं. भंगारवाला येण्याच्या आदल्या दिवशी नीनाताई गवताचा ट्रक घेऊन आल्या आणि मला घरी घेऊन गेल्या.

"याला कुठे ठेवणार आहेस?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही काळजी नका करू. जागा मी करते."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी डॉक्टरांनी विलो फेरी सोडलं. ते पुन्हा बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात रुजू झाले. मी जिथे जन्मलो त्याच मुलुखात परत आलो. त्यांच्या डायनिंग रूममध्ये मला खिडकीशेजारी जागा मिळाली. पाहुणे विचारायचे, "हे काय, अँटीक घेतलंत का?" नीनाताई हसायच्या. झडप इथेही पडायची. समुद्र ओलांडून, कुठल्याही तारेशिवाय. गणपतीच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असताना एकदा पडली, तेव्हा नीनाताई वाढता वाढता हातातलं पातेलं बाजूला ठेवून आल्या होत्या. डॉक्टर मात्र तो टक् असा आवाज आला की उठून दुसऱ्या खोलीत जायचे. पन्नास वर्षं ते असंच करत आले. त्या विषयावर दोघं बोलल्याचं मी कधी ऐकलं नाही.

गेल्या वर्षी नीनाताई गेल्या.

घर शांत झालं. आणि एका दुपारी, डॉक्टर एकटेच वरणभात खात बसले असताना, साठ नंबरची झडप पडली. ते उठले नाहीत. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं होतं आता कोणीतरी प्लग खोचेल. कोणी आलं नाही. झडप दिवसभर तशीच लोंबत राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी औषधांच्या कपाटातून जखमेला लावायची चिकटपट्टी आणली, झडप वर केली आणि तिच्यावर ती आडवी उभी चिकटवली. मग माझ्यावर चादर टाकली. मित्रांनो, ते वाईट गृहस्थ नव्हते. पण कोणी माझ्या तोंडावर हात दाबून धरावा तसं मला झालं. पट्टीच्या आत झडप हलायची. तिला पडायचं असायचं.

निवेदिता केंब्रिजला संशोधन करते. दर शनिवारी वडिलांकडे येते. तिने एकदा चादर काढली.

"बाबा, हे काय लावलंय तुम्ही?"

"सैल झालीय ती झडप. सारखी आवाज करते."

"आईने कधी पट्टी नाही लावली."

"तुझी आई वेगळी होती."

निवेदिताने पट्टीला हात लावला नाही. पण चादर घडी करून कपाटात ठेवून दिली.

या वर्षी विलो फेरीला सव्वाशे वर्षं होताहेत. गावाच्या समितीकडून डॉक्टरांना मेल आला. त्यांनी गावाचं संग्रहालय केलं आहे, प्रवेशद्वारापाशी जुना बोर्ड ठेवायचा आहे, द्याल का? सोबत गावाच्या वाढीची रंगीत पुस्तिका होती. निवेदिता ती लॅपटॉपवर मोठ्याने वाचत होती. तराफा, मनोरा, चर्च, आग, नवं एक्स्चेंज, पूल. मिस फ्लॉरेन्सचा फोटो होता. फिशिंग क्लबचाही होता. नकाशात नदीच्या पलीकडे नुसता हिरवा रंग भरलेला होता.

"देऊन टाकू," डॉक्टर लगेच म्हणाले. "त्यांचंच आहे ते."

मग एका दुपारी व्हिडिओ कॉल झाला. संग्रहालयाचं काम पाहणारी बाई बोलत होती, डोरीन तिचं नाव. निवेदिताने लॅपटॉप माझ्यासमोर धरला, म्हणजे डोरीनला मी नीट दिसेन. डोरीन पडद्याजवळ सरकली.

"त्यावर साठ नंबर आहे का? खालच्या कोपऱ्यात?"

डॉक्टर दचकले. "तुम्हाला कसं माहीत?"

"माझ्या आईने सांगितलंय. ती इथेच बसलीय. तिला बोलायचंय."

पडद्यावर एक वृद्ध बाई आली. पांढरे केस, दोन वेण्या. तिने डॉक्टरांकडे निरखून पाहिलं.

"डॉक्टर केन. म्हातारे झालात."

डॉक्टर पडद्याकडे वाकले. ते म्हणाले, "मेरी-रोझ."

"तुमची बायको कुठे आहे?"

"गेल्या वर्षी गेली."

मेरी-रोझने मान खाली घातली. मग म्हणाली, "रविवारी बर्फावरून यायची माझ्याकडे. मुलीला घसरगाडीवर बसवून. फार बोलायची नाही, साठ नंबरचं मात्र तिने सांगितलं होतं. डाळ करून आणायची. आम्हाला तिखट लागायची. तरी आम्ही खायचो."

डॉक्टरांनी निवेदिताकडे पाहिलं. "ती तर मला सांगायची, फ्लॉरेन्सकडे जातेय म्हणून."

"मला आठवतंय," निवेदिता म्हणाली. "एक मोठा कुत्रा होता तिथे. पिवळा."

"रस्टी," मेरी-रोझ म्हणाली, आणि पहिल्यांदाच किंचित हसली.

तेवढ्यात पट्टीचं एक टोक सुटलं. मी काही केलं नाही. मला कोपऱ्यात तोच गारवा जाणवला. पट्टी हळूहळू सुटत गेली आणि झडप पडली.

टक्.

लॅपटॉपमधून तो आवाज पलीकडे गेला. मेरी-रोझचा चेहरा बदलला.

"कुठली पडली?"

 निवेदिता म्हणाली, "साठ."

"उचला ना मग," मेरी-रोझ म्हणाली. "कोणीतरी बोलावतंय."

डॉक्टर उभे राहिले. मला वाटलं, आता हे दुसऱ्या खोलीत जाणार. ते दारापर्यंत गेलेही. चौकट धरून पाठमोरे उभे राहिले.  मग ते वळले, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले.  हेडफोन कसा घालायचा तेही त्यांना ठाऊक नव्हतं. निवेदिताने तो त्यांच्या कानांवर बसवला, प्लग हातात दिला, भोक दाखवलं. त्यांनी तो आत खोचला.

मी ऐकत होतो. तेही ऐकत होते. वारा, तोच.

"कोणी बोलत नाहीये," ते म्हणाले.

"नाही बोलणार. लाजरी होती. अनोळखी माणसाशी आपणहून कधी बोलायची नाही," मेरी-रोझ म्हणाली. "तुम्हीच बोला तिच्याशी."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. खिडकीबाहेर बस थांबली आणि गेली. मग ते, पेशंटच्या उशाशी बसून बोलावं तसे, सावकाश बोलू लागले.

"एस्तर. मी डॉक्टर बोलतोय. तुझी आई आली होती गं मला बोलवायला. ती खूप चालली. मी निघालो होतो. गाडी रुतली, म्हणून चालत आलो. पुढचं काही दिसत नव्हतं, तरी येत होतो. तू वाट बघत होतीस ना? मी येत होतो. मला उशीर झाला, बाळा."

 निवेदिताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हेडफोनमधला वारा अचानक थांबला नाही, किंवा कोणी उत्तरही दिलं नाही. तसं झालं म्हणून मी तुम्हाला सांगितलं असतं, तर ते खोटं झालं असतं. पण तो वारा जवळ आल्यासारखा वाटला, कोणीतरी कान लावून ऐकत असावं तसा. डॉक्टरांनाही तसं वाटलं असावं. त्यांनी लगेच प्लग काढला नाही.

"तुमच्यावर माझा राग नव्हता," पलीकडून मेरी-रोझ म्हणाली. "तुम्ही आलात. अंधारात, एकटे. मी दारातून पाहिलं होतं तुम्हाला. राग आहे तो त्या कुलूप लावलेल्या फोनवर. तो अजून आहे. तो राहू द्या."

"राहू द्या," डॉक्टर म्हणाले.

मग डोरीनने खरी अडचण सांगितली. समितीला मी गावातल्या मोठ्या रस्त्यावर, संग्रहालयाच्या दारात हवा आहे. पाटीवरचा मजकूर तयारही आहे. त्यात एस्तर नाही. डोरीनने तीनदा विचारून पाहिलं. समिती म्हणाली, उत्सवाच्या वर्षी दुःखाचं कशाला.

"बोर्ड अजून कोणाचा आहे?" मेरी-रोझने विचारलं.

"माझा," डॉक्टर म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "नीनाचा."

"मग तो आमच्या काठावर आणा."

डॉक्टरांनी त्याच दिवशी समितीला कळवलं. बोर्ड नदीपलीकडच्या आरोग्य केंद्रात जाईल. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पूल ओलांडून यावं, आता पूल आहे. समितीचा अध्यक्ष फोन करून बराच वेळ नाराजी सांगत होता. डॉक्टर शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमची सूचना चांगली आहे. पण बोर्ड तिकडेच जाईल." आरोग्य केंद्रात माझ्यासाठी खिडकीजवळची जागा ठरली आहे. पाटी मेरी-रोझ सांगणार आणि डोरीन लिहिणार. वर एस्तरचं नाव, खाली मिस फ्लॉरेन्सचं आणि नीना काणे हे पूर्ण नाव. मी खोक्यात जाण्याआधी डॉक्टरांनी स्पिरिटच्या बोळ्याने माझ्यावरचा पट्टीचा चिकटपणा पुसून काढला. ते आणि निवेदिता माझ्या मागोमाग विमानाने येणार आहेत.

मित्रांनो, या खोक्यात अंधार आहे आणि गोदामातली माणसं मला जड सामान समजून सरकवतात. त्यांचा दोष नाही, त्यांना माझी गोष्ट माहीत नाही. तुम्हाला आता माहीत आहे. म्हणून एक मागणं मागतो. जुन्या वस्तू जपा, धूळ पुसा, हे तुम्हाला पुष्कळांनी सांगितलं असेल. मी आणखी थोडं मागतो. तुमच्या गावाचा, शहराचा इतिहास तुम्हाला कोणी कौतुकाने वाचून दाखवला, तर शेवटपर्यंत नीट ऐका. मग उठून विचारा, की रस्ता, पाणी, दवाखाना, शाळेची बस, हे सगळं अजून कोणाच्या दारापर्यंत गेलेलं नाही? मोठी माणसं म्हणतील, पुढच्या वर्षी बघू. तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.